विहिरीकडे निघालेले पिवळे पाणी

एकदा एका वृद्ध कारागिराने परगावी जाताना आपला चामडे कमावण्याचा कारखाना शिष्याच्या हवाली केला. शिष्य तिशीचा, कामात तरबेज, पण मनाचा भित्रा. प्रदूषण खात्याचा तपासनीस येणार, एवढे कानावर पडताच तो बाहेर धावला. अंगणात क्रोम धातूच्या क्षाराने कमावलेल्या चामड्याच्या निळसर भुग्याचा ढीग होता. तो नजरेआड करावा म्हणून त्याने चक्क पेटवून दिला आणि वर पाणी ओतले. तपासनीस काही फिरकला नाही. राखेतून मात्र पिवळे पाणी ओघळू लागले आणि उताराने विहिरीकडे निघाले.

जळून पिवळे पडलेले क्रोम विषारी असते, हे शिष्याने गुरूकडूनच ऐकले होते. त्याने मातीचा बांध घातला; पण आधीच किती झिरपले असेल? साऱ्या वस्तीचे पिण्याचे पाणी तिथलेच, त्याच्या लेकीचेही. सांगावे तर गुरू हाकलून देईल. तो गप्प राहिला.

इतक्यात शेजारीण घागर घेऊन विहिरीकडे निघाली. तो धावत जाऊन तिच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"वहिनी, पाणी काढू नका! माझ्या हातून विष झालंय!"

नेमका तेव्हाच गुरू परगावाहून परतून फाटकात उभा होता. त्याने सारे ऐकून घेतले, विहीर बंद करवली, पाण्याचा नमुना तपासायला धाडला. मग हातमोजे चढवून राख आणि पिवळे पाणी टाकीत भरले, आम्ल घातले आणि म्हणाला, "गूळ आण."

म्हाताऱ्याचे डोके फिरले की काय, असे शिष्याला वाटले. पण गूळ पडला, टाकी फसफसली आणि पिवळे पाणी हळूहळू हिरवे झाले.

"गुळानं विष उतरलं. आता यातच पुढची कातडी कमावू," गुरू म्हणाला. "निळा भुगाही असाच कामी आला असता, लेका. तू तो लपवायला गेलास, म्हणून त्याचं विष झालं. घाबरलास याचा मला राग नाही. घाबरून गप्प बसलास, त्याचा आहे."

"तात्या, मी जाऊ?"

"कुठे? निकाल येईपर्यंत विहिरीवर बस. येईल त्याला काय केलंस ते स्वतःच्या तोंडानं सांग."

पहिल्या दिवशी त्याने अडखळत सांगितले. लोकांनी शिव्या घातल्या, त्या त्याने ऐकून घेतल्या. आठव्या दिवशी पाणी निर्धोक असल्याचा कागद आला. नवव्या दिवशी सकाळीही तो विहिरीवर जाऊन बसला. कुणाला सांगायचे राहून गेले असेल, असे त्याला वाटत होते.