भागुजीचं श्रीखंड

नळावर पारूबाई सांगत होती, "भागुजीनं दोन्ही भाच्यांना आढ्याला टांगलंय, अन् खाली..." एवढ्यात तिची घागर भरली. ती उचलून चालती झाली. खाली काय, ते राहूनच गेलं. मग बाकीच्या बायकांनी आपापल्या परीनं भर घातली. खाली जाळ केलाय, असं ठरलं.

आता भागुजी माझा शेजारी. मधे नुसतं तुराट्यांचं कुंपण. मी मुद्दाम डोकावत नाही, पण दिसतं. तेव्हा पहिल्यापासून सांगते.

आमच्या गावात हा भागुजी म्हणजे अगदी भोळा सांब. सांगितलेला एक शब्द वाया जाऊ द्यायचा नाही. फक्त तो भलत्याच जागी वापरायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याची बहीण मंदा पोरांना मामाकडे सोडणार होती. भागुजीची बायको नेमकी माहेरी, भावजयीच्या बाळंतपणाला गेलेली. मंदानं निरोप धाडला, पोरांच्या खाण्यापिण्याचे हाल दिसले तर संध्याकाळच्या एसटीनं परत नेईन. भागुजी वर्षभर त्या पोरांची वाट बघतो. तो कावराबावरा होऊन माझ्या दारात आला. म्हणाला, "काकू, पोरांना गारगार काय करू?"

मी पन्हं शिकवलं. कैरी आधी उकडायची, साल काढायची, गर गुळात कालवायचा. पन्हं झकास झालं. मी शाबासकी दिली, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आमरसासाठी पाटीभर पिकले आंबे आणले आणि सगळे उकडले. साली पातेल्यात तरंगत होत्या, रस पाण्यात गेला होता.

मी म्हटलं, "अरे बाबा, पिकला आंबा उकडतात का? तो गार पाण्यात बुडवून ठेवायचा."

"एवढंच ना? पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या वेळी होते पापड. ओले पापड मीच लाटून दिले होते. ते त्यानं हंडाभर गार पाण्यात बुडवले. दुपारी बघते तर हंड्यात खळ.

मी म्हटलं, "पापडातलं पाणी जायला हवं रे. उन्हात पसरायचं, वर धोतर झाकायचं, अन् कावळे हाकत बसायचं."

"एवढंच ना? पुढच्या वेळी तसंच करतो."

मग श्रीखंडाचा बेत ठरला. मी गिरणीत जाता जाता एवढंच बोलले की दह्यातलं पाणी गेलं की चक्का होतो. परत येते तर हा पत्र्यावर. प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर दही पसरलेलं, वर लग्नातलं धोतर, आणि हातात काठी. कावळा एकही आला नाही. मांजरं आली. पण मांजरं हाकायला मी कुठं सांगितलं होतं?

मी कपाळाला हात लावला. शांतपणे, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "ज्यातलं पाणी काढायचं ते फडक्यात बांधायचं. आढ्याला टांगायचं. खाली पातेलं ठेवायचं. निथळून घट्ट होईपर्यंत हात लावायचा नाही. मग साखर, मग वेलदोडा."

"एवढंच ना?" भागुजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मंदा पोरांना सोडून शेजारच्या गावी हळदीला गेली. राणी आणि तुषार, दोघं महा वांड. मामाचं पन्हं पिऊन जे पळाले, ते थेट कालव्यात. दुपारी घरी आले ते नखशिखांत ओले, पाणी गळतंय.

मंदा एसटीतून उतरली आणि तिच्या कानावर पडली ती नळावरची बातमी, जाळासकट. ती चप्पल हातात घेऊन धावत सुटली. मी तिच्या पुढे होते.

आत आढ्याला दोन लुगड्यांच्या झोळ्या. झोळ्यांतून दोन मुंडकी बाहेर. दोन्ही झोके घेतायत. खाली जाळबिळ काही नव्हता, दोन पातेली होती. त्यांत टपटप चाललं होतं. बाजूला भागुजी साखरेचा डबा घेऊन वेलदोडे कुटत बसलेला.

"दादा, हे काय?"

"निथळतायत," भागुजी म्हणाला.

मंदा पोरांच्या पिशव्या भरायला लागली. भागुजीचा बत्ता हातातच थांबला. तोंड एवढंसं झालं. मग ती गाठ सोडायला गेली, तर राणी ओरडली, "आई, हात लावू नको! आम्ही अजून घट्ट झालो नाही."

मंदाला हसू आवरेना. हसता हसता ती मटकन खालीच बसली. संध्याकाळची एसटी आली आणि गेली.

भागुजीनं बहिणीकडे पाहिलं. उन्हातून धावत आलेली, घामानं निथळणारी. तो उठला, तिसरं लुगडं काढलं, आणि पातेलं पुरणार नाही म्हणून न्हाणीतलं घंगाळ ओढत आणलं.

तेव्हा नळावर मी सांगून टाकलं. टांगलं हे खरं. जाळ खोटा. आणि दोघांनाच टांगलं, हेही काही पुरतं खरं नाही.