वीतभर मरळ

फार जुनी गोष्ट आहे, पण ‘कधी तरी’ घडली असे मी म्हणणार नाही. एका आंधळ्या राजाच्या कारकिर्दीचे ते सातवे वर्ष होते. वैशाख वद्य नवमी. उन्हाळा असा की खालच्या गावच्या तळ्याला भेगा पडल्या, आणि भेगांतून मासे मरून पडले.

खालचे गाव मासेमाऱ्यांचे. शेत नाही, बैल नाही, तळे हेच शेत. डोंगरावर दुसरे गाव होते. त्याचेही तळे होते, ते खोल, म्हणून आटले नाही. दोन्ही तळ्यांना पाणी एकाच ओढ्याचे. हे ध्यानात ठेवा, पुढे भांडण त्यावरूनच आहे.

पावसाळ्यात तळे भरले. पाण्यात बेडूक होते, मासा एकही नव्हता. तेव्हा खालच्या गावचा म्हातारा नाईक डोंगर चढून वरच्या गावी गेला. तिथली कारभारीण वयाने तरुण होती, पण बोलणे म्हाताऱ्या सासूसारखे.

“बाई, चाळीस मरळी दे,” नाईक म्हणाला. “बीज म्हणून. नाही तर माझे गाव उठेल.”

“देते. पण परत पाहिजेत. चाळीसच. आणि प्रत्येक एवढी.” तिने हात पुढे केला, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. “तोवर तुमचा नगारा माझ्या देवळात राहील.”

नगारा म्हणजे खालच्या गावचा मान. लग्न असो, जत्रा असो, मयत असो, तो वाजल्याशिवाय काही होत नसे. नाईकाने तो दिला. मरळ हा चिवट मासा, ओल्या गवतात गुंडाळला तर बराच वेळ जगतो. चाळीस मरळी टोपल्यांतून डोंगर उतरल्या आणि तळ्यात गेल्या.

नाईकाने मग कायदा केला. जाळ्याची घरे चार बोटे रुंद ठेवायची. लहान मासा त्यातून निसटेल, त्याला जाऊ द्यायचे. अडकेल तो मोठा, तोच खायचा. लहान जिवाला हात लावायचा नाही. गावाला या कायद्याचा मोठा अभिमान. पाहुणा आला की त्याला भाकरीच्या आधी हा कायदा वाढत.

पहिली काही वर्षे जाळी फाटेस्तोवर मासे मिळाले. हातभर, सव्वा हात. ऋण तेव्हाच फिटले असते. पण मोठा मासा ताटात बरा दिसतो. “पुढच्या वर्षी देऊ,” लोक म्हणाले. वरची बाईही काही घाई करत नव्हती. पुढच्या वर्षी पुन्हा तेच म्हणाले. माणसाला ‘पुढच्या वर्षी’ हे दोन शब्द शिकवले कोणी, कोण जाणे.

मग जाळी हलकी येऊ लागली. चार बोटांच्या घरांतून सगळेच मासे निसटू लागले. शहाण्यांनी काय करावे? त्यांनी घरे तीन बोटांची केली. काही वर्षांनी मासे त्यातूनही निसटले, तेव्हा दोन बोटांची केली. मासा लहान झाला की जाळे लहान करायचे. असे का होते आहे, हे एकानेही विचारले नाही. जाळी विणणारा मात्र खूश होता.

म्हातारा नाईक वारला. त्याला पोचवायला नगारा नव्हता. शेजारची गावे म्हणाली, मुक्या गावाचा मुका नाईक गेला. त्याच्या मुलाने चितेपाशी शब्द दिला, “बापाचे ऋण फेडल्याशिवाय मी मरणार नाही.” आणि तो नवा नाईक झाला.

त्याने तळे धुंडाळून सर्वांत मोठ्या चाळीस मरळी निवडल्या आणि टोपल्या वर नेल्या. कारभारणीचे केस आता पिकले होते. तिने पहिली मरळ हातावर ठेवली. कोपरापाशी शेपूट, आणि डोके मनगटालाही पोचले नाही.

“ही पोरे कशाला आणलीस? यांच्या आया घेऊन ये.”

“आक्का, या याहून मोठ्या होत नाहीत.”

“होत नाहीत म्हणजे?” तिने मरळ उलटी केली आणि पोट चाचपले. पोट अंड्यांनी टच्च भरले होते. तिने दुसरी चाचपली, तीही तशीच. मग म्हणाली, “ही पोरे नव्हेत. याच आया आहेत. वीतभर आया. नाईका, माझ्या मरळींचे तुम्ही केले तरी काय?”

“आम्ही काय करणार? तुमच्या वरच्या तळ्यात सगळा कस राहतो. आम्हाला येते ते धुऊन निघालेले पाणी.”

“ओढा एकच आहे.”

“मग बगळ्यांनी खाल्ल्या असतील.”

“बगळा खातो ती मरळ नाहीशी होते. बुटकी होत नाही.”

“मग तुमची दृष्ट.”

“माझी दृष्ट एवढी चालत असती, तर तुमची पगडी आधी लहान झाली असती.”

नाईकाचे लोक हसले. नाईक हसला नाही. तो म्हणाला, “पाण्याचाच दोष आहे. पैज लाव.”

पैज अशी ठरली. खालच्या तळ्यातली पिल्ले वर न्यायची आणि वरच्या तळ्यातली खाली. दोन्हीकडे काठाशी बांबूचा कूड घालून ती वेगळी वाढवायची. जाळे कोणी टाकायचे नाही. पोटभर खाऊ घालायचे आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर मोजायचे. पाण्याचा दोष असेल, तर खालची पिल्ले वर जाऊन हातभर होतील आणि वरची खाली येऊन खुरटतील.

तिसरा पावसाळा सरला. दोन्ही गावे आधी वरच्या काठावर जमली. खालच्या तळ्यातून आलेल्या मरळी वरच्या पाण्यात, वरचे खाणे खाऊन, वीतभरच राहिल्या होत्या. वर त्यांनी अंडीही घातली होती, आणि त्यांची पोरेही तशीच. मग सगळे डोंगर उतरून खाली आले. त्या धुऊन निघालेल्या पाण्यात वरच्या मरळी हातभर वाढून कूड हलवत होत्या.

नाईकाने त्या पाहिल्या आणि त्याचा चेहरा उजळला. “या घे, आक्का. ऋण फिटले.”

“माझीच लेकरे मलाच आहेर? तुझ्या बापाने ऋण फेडायचा शब्द दिला होता, का शेजारणीची पातेली घासून तिलाच भेट द्यायचा?”

 तिने आपल्या मरळी टोपल्यांत भरायला लावल्या. एकही मागे ठेवली नाही.

तेवढ्यात गर्दीतून एक जण म्हणाला, “मला कळले. जाळ्याला घाबरून मासे अंग चोरतात. मोठे झालो तर धरतील, म्हणून वाढतच नाहीत.”

“घाबरून कोणी बुटका होत असता,” कारभारीण म्हणाली, “तर तुझ्या बायकोपुढे तू आतापर्यंत मुंगी झाला असतास. मासा काही ठरवत नाही. त्याला तेवढी अक्कल असती, तर त्याने तुम्हाला धरले असते.”

मग ती नाईकाकडे वळली.

“तुझ्याकडे शेळ्या आहेत?”

“आहेत.”

“बीजाला बोकड कसला राखतोस?”

“दांडगा. उंच पायांचा.”

“आणि कापतोस कोणता?”

“खुरटा, मागे पडलेला. हे काय विचारणे झाले?”

“आणि दांडगे सगळे कापून खुरटे राखले तर?”

“मग करडे खुरटीच होतील. पोरालाही कळते हे.”

“पोराला कळते ते तुझ्या गावाला तळ्याच्या काठावर का कळत नाही? तळ्यात तुम्ही दांडगे ते खाल्ले आणि खुरटे ते बीजाला ठेवले. वर त्याला दया म्हणालात.”



ती पुढे बोलली, आता जरा सावकाश. “एका मरळीची हजार पोरे असतात, पण सगळी सारखी नसतात. एखादे हातभर वाढते आणि मग अंडी घालते. एखादे वीतभर असतानाच घालते. कोण कसे, हे आईबापांकडून आलेले असते. तुमचे जाळे पहिल्याला अंडी घालायच्या आधीच उचलते. दुसरे जाळ्यातून निसटते आणि आपल्यासारखीच हजार पोरे मागे ठेवते. पुढच्या वर्षी तळ्यात पहिल्यासारखी थोडी कमी, दुसऱ्यासारखी थोडी जास्त. असे किती पावसाळे झाले? कोणतीही मरळ लहान झाली नाही, नाईका. लहान होत्या त्या उरल्या.”

“मग तुमच्याकडे असे का झाले नाही? तुम्ही एवढ्या शहाण्या?”

“शहाण्या कसल्या. हातभर मरळ ही तळ्याची मालकीण, तिला धरले तर घरात साप निघतो, असे आमच्या सासवा सांगत. म्हणून आम्ही मोठी पाण्यात सोडतो आणि मधली खातो. आम्ही भ्यालो म्हणून वाचलो. तुम्ही दया केली आणि बुडालात. कारण काय, हे मासा विचारत नाही. कोण उरले, एवढेच तळ्याला कळते.”

“आता उपाय?”

“उलटे चाला. पहिले ऋण फिटेपर्यंत मी दुसरे बीज देणार नाही. तळ्यात अजून चार दांडग्या वाणाच्या असतील, तर येतील पुढे. नसतील तर कोणी काही करू शकत नाही. जे बीज उरलेच नाही, ते देवालाही पेरता येत नाही.”

नाईकाने जाळी जाळली. बांबूच्या टोपल्या करवल्या, तोंडे इतकी अरुंद की मोठी मरळ आत शिरूच नये. वीतभर मरळ अंड्यांवर आलेली दिसली, तर ती पहिली काढायची. मोठी चुकून हाती लागली, तर पाण्यात सोडायची.

गाव चवताळले. लहान मासा काट्यांनी भरलेला, त्यात पोट काय भरणार. “बाप म्हणाला लहान सोडा, मुलगा म्हणतो मोठे सोडा. नातू म्हणेल पाणी प्या.” लोक मागून असे बोलत, आणि नाईक ऐकू आले नाही असे दाखवून चालत राही.

एके दुपारी तो सख्ख्या भावाच्या घरी गेला. चुलीवर हातभर मरळ शिजत होती. कित्येक वर्षांत तळ्यात तेवढी दिसली नव्हती.

“बस,” भाऊ म्हणाला. “डोक्याचा तुकडा तुला.”

“हिने अंडी घातली होती का?”

“मी काय सुईण आहे?”

नाईक जेवला नाही. त्या वर्षी त्याने भावाच्या घराला तळे बंद केले. भावाने दोन वर्षे त्याच्याशी अबोला धरला. पण त्यानंतर कोणाच्या चुलीवर मोठी मरळ दिसली नाही.

पाच पावसाळे काही फरक दिसला नाही. लोक म्हणाले, म्हातारीने फसवले. नंतर वीतभर मरळींत दीड वितीच्या दिसू लागल्या. त्यांचीही पोरे सारखी नव्हती, काही आईएवढीच राहिली आणि काही पुढे गेली. पुढे गेली ती राखली. बिघडायला एक पिढी गेली होती, सुधारायलाही जवळजवळ तेवढाच काळ गेला. जाळे एका दिवसात जळते. वाण एका दिवसात बदलत नाही.

बोध इथेच सांगतो, कारण शेवटपर्यंत बसायची सवय आता कोणाला उरली नाही: आपण काय खाल्ले यावरून नाही, मागे कोणाला जगू दिले यावरून पुढची पिढी ठरते.

आता राहिलेले ऐका.

नाईक चाळीस मरळी घेऊन वर गेला, तेव्हा त्याला काठी लागत होती. कारभारीण अंगणात बसलेली, डोळे गेलेले. तिने हात पुढे केला आणि पहिली मरळ त्यावर ठेवायला सांगितली. मरळ बोटांच्या टोकांपलीकडे गेली.

“भरली,” ती म्हणाली. “नगारा न्या.”

“थांब, आक्का. तुझा हात वाळला आहे. बोटे वाकली आहेत. माझ्या हातावर मोजतो.”

“माप माझ्या हाताचे ठरले होते.”

“तुझ्या तेव्हाच्या हाताचे.”

“तुझा हात तेव्हाच्या माझ्या हाताहून लांब आहे, मूर्खा.”

“असू दे.”

त्याने बाही वर केली आणि एकेक मरळ स्वतःच्या हातावर मोजली. सदतीस भरल्या, उरलेल्या तीन बोटभर कमी पडल्या. म्हातारी म्हणाली की तीन माफ केल्या. त्याने ऐकले नाही. सदतीस तिच्या तळ्यात सोडल्या, तीन ओल्या गवतात गुंडाळून परत खाली नेल्या आणि नगारा जिथे होता तिथेच ठेवला.

पुढच्या वर्षी तो तीन मरळी घेऊन आला. तिन्ही भरल्या. त्या पाण्यात गेल्या, आणि ऋण फिटले.