चिरुटाच्या खोक्यावरचा इशारा

चिरुटांचे कारखानदार आबासाहेब घोसाळकर खोक्यावर छापायचे इशारे घेऊन, ते पोरांना पटतात का बघायला, दहावीच्या वर्गात आले. “चिरुटाने कर्करोग होतो,” त्यांनी हसत वाचलं. “खरं वाटतं कुणाला?” पोरं खिदळली.

“बघा गुरुजी,” ते वर्गशिक्षकांना म्हणाले, “विश्वासच बसत नाही. मग छापायचं कशाला?”

यमुना उठली. तिचे वडील याच चिरुटांपायी घशाच्या कर्करोगाने गेले होते. आई आबासाहेबांकडे स्वयंपाक करायची.

“तुम्ही घरी देता तो इशारा छापा, लगेच विश्वास बसेल,” ती म्हणाली. “‘माझ्या पोरांनी चिरुटाला हात लावला तर तंगडं मोडीन.’ खाली तुमची सही.”

वर्गात कुणीच हसलं नाही. आबासाहेब निघून गेले. दुसऱ्याच दिवशी यमुनाच्या आईला त्यांनी कामावरून काढलं.