पोरांच्या बागेतला वटवृक्ष

एका गावात एक भोळा बाप होता. नाव रावजी. सांगाल ते ऐकायचा, आणि तेवढंच ऐकायचा.

गावात किंडरगार्टन निघालं. बघता बघता भरलं. एकच जागा उरली, आणि रावजीच्या ठकीचं शाळेचं वय झालं. आत्ता प्रवेश नाही मिळाला तर पोरगी मागे पडणार, असं सगळे म्हणत. कुणाच्या मागे, ते कुणी सांगत नव्हतं.

रावजीने तिथल्या शिरसाट मॅडमना विचारलं, "ह्या नावाचा अर्थ काय हो?"

"जर्मन शब्द आहे. किंडर म्हणजे मुलं, गार्टन म्हणजे बाग. दोन जोडून एक. मुलं ही रोपं, आम्ही माळी."

"म्हणजे बालवाडीच की!" रावजीची बायको सगुणा म्हणाली.

"बालवाडीसाठी कुणी रांग लावतं का?" मॅडम म्हणाल्या. "उद्या मुलीला आणा."

दुसऱ्या दिवशी रावजीने ठकीला कुंडीतून आणलं. घोट्यापर्यंत माती, वर शेणखत. ठकी खुशीत होती.

मॅडमनी नाकाला पदर लावला. "अहो, साबणाने आंघोळ घालायची, पावडर लावायची, बूट-मोजे घालून आणायचं!"

"चुकलं मॅडम. पुढच्या खेपेला तस्संच करतो."

पुढच्या खेपेला मॅडमनी शाळेच्या दारात लावायला जास्वंदीचं रोप मागवलं. रावजीने ते साबणाने घासलं, पावडर थापली, मुळांना मोजे चढवले आणि बुटात उभं करून आणलं.

"अहो, खड्डा खणून त्यात उभं करायचं! माती चेपायची, काठीला बांधायचं, भोवती बाभळीचे काटे लावायचे, वरून पाणी!"

"चुकलं मॅडम. पुढच्या खेपेला तस्संच करतो."

सगुणा रडकुंडीला आली. "अहो, पोरीचं कसं व्हायचं?"

मॅडमना दया आली. "उद्या अध्यक्ष आबासाहेब येतायत. ते आपल्या बागेचे वटवृक्ष. प्रवेशाचं फळ त्यांच्याच हातात. मी हार घेऊन येते, तोवर तुम्ही त्यांचं नीट करा."

आबासाहेब आले. रावजी म्हणाला, "साहेब, या खड्ड्यात उभं राहायचं." खड्डा दिसला की फोटो निघतो, एवढं आबासाहेबांना ठाऊक होतं. हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले. डोळे उघडले तेव्हा गुडघाभर माती, पाठीला काठी, भोवती काटे, आणि डोक्यावर रावजीची बादली.

"अरे, काढ मला बाहेर! दिला तुझ्या पोरीला प्रवेश!"

मॅडम हार घेऊन धावत आल्या. रावजीने हात झटकले.

"मॅडम, झाड लई गुणाचं! पहिल्याच पाण्याला फळ दिलं. थांबा, आणखी एक बादली आणतो, धाकटाही आहे घरी."