ठमाईच्या दोन हातांची गोष्ट

आपल्या पणज्याच्या पणज्यालाही मिसरूड फुटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. कातळवेढं हे पाथरवटांचं गाव. देशमुखांनी तिथे तलावाचं काम काढलं होतं. दिवसभर घण मारून पाथरवटांची मनगटं सुजत, बोटं मिटेनाशी होत. आणि ज्याचा घण थांबे, त्याच्या पाठीवर आसूड पडे.

ठमाई अशाच एका पाथरवटाची बायको. बांधावरच्या निर्गुडीचा पाला ती तव्यावर शेकायची आणि सुजल्या सांध्यांवर गरम गरम बांधायची. सकाळी माणूस पुन्हा घण उचलायचा. गावातले निम्मे हात तिनेच वाचवले, असं म्हणतात.

देशमुखांच्या वैद्यबुवांना हे कुठलं खपायला! त्यांच्या लेपाची डबी कोणी उघडेना. त्यांनी देशमुखांचे कान भरले आणि ठमाईला चावडीवर बोलावणं आलं. निर्गुडी मुळासकट उपटायची आणि हिला गावाबाहेर काढायचं, हे आधीच ठरलं होतं. घर सुटेल याची तिला फिकीर नव्हती. पण पाला गेला तर या सुजल्या हातांना वाली कोण, हा विचार करतच ती चावडीची पायरी चढली.

"कुंपणाचा पाला तो! शेळीसुद्धा तोंड लावत नाही," वैद्यबुवा म्हणाले.

"मग पारखून बघा की," ठमाई म्हणाली. "दोन हात हायेत मला. दोनी सुजवून घेते. उजव्याला तुमचा लेप, डाव्याला माझा पाला. हरले तर निर्गुडी माझ्या हातानं उपटीन न् गाव सोडीन. जिकले तर तिला कुनी हात लावायचा न्हाई."

"आणि सूज मोजणार कोण? तू सोंग करशील."

"कासार मोजंल. समद्या बायकांच्या हाताचं माप त्याला ठावं हाय."

भरचावडीत कासाराने तिच्या बांगड्या उतरवून घेतल्या. चावडीपुढच्या वडाच्या खालच्या फांदीला गांधीलमाश्यांचं पोळं होतं. ठमाईने त्यात दोन्ही हात मनगटापर्यंत घातले. माश्या उठल्या तेव्हा सूर्य झाकला गेला, पण तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही, असं म्हणतात. निघालंही असेल, ती काही देवी नव्हती. हात मात्र तिने मागे घेतले नाहीत.

तीन दिवस ती चावडीवर सगळ्यांच्या नजरेसमोर बसली. उजव्या हाताला वैद्यबुवा लेप लावत, डाव्याला शेजारीण पाला शेकून बांधी. चौथ्या सकाळी कासार आला. डाव्या हातात बांगडी झरकन गेली. उजव्या हाताला ती बोटांपाशीच अडली. मग डाव्या हाताने ठमाईने जातं ओढून दाखवलं. वैद्यबुवा पागोटं सावरत बसले.

"आता उजव्यालाही पाला बांध गं," शेजारीण कळवळून म्हणाली.

"न्हाई. आठ दिस ऱ्हाऊ दे असाच. येनाऱ्या-जानाऱ्यानं बघावा."

देशमुखांना हुकूम गिळावा लागला. ठमाईने हातावरचा सुकला पाला जिथे झटकला, तिथे कातळ फोडून निर्गुडी उगवली, असं म्हणतात.

आजही कातळवेढ्याच्या जत्रेत मलमवाले येतात. डबी उघडून गुण गायला लागले, की म्हाताऱ्या त्यांना घेरतात आणि म्हणतात, "ठमाईची आन हाय. आधी सोताच्या हाताला लाव." जो लावत नाही, त्याची डबी तिथेच ओढ्यात जाते.