बिब्ब्याची खूण

गोऱ्या साहेबाच्या मेजवानीत कांचनगडच्या महाराजांनी जेवणानंतर गोडधोड मागवलं. म्हणजे त्यांना तसं वाटलं. डिझर्टच्या जागी ते ऐटीत डेझर्ट म्हणाले आणि चारचौघांत वाळवंट मागून बसले. साहेब मिशीत हसला. महाराजांच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि सकाळी हुकूम सुटला: सारख्या वाटणाऱ्या वीस इंग्रजी शब्दांचे अर्थ राजवाड्यातल्या प्रत्येकाने शिकावेत, चुकेल त्याने घरी बसावं. शिकवायला महाराजांचेच इंग्रजीचे गुरू त्र्यंबकपंत मास्तर. विलायतेचं नाव घेतल्याशिवाय त्यांना ढेकरही येत नसे.

"त्यात काय एवढं?" वाड्याची परटीण येसू म्हणाली. "रोज दोनशे सारखी धोतरं निवडते मी."

महाराजांना हे झोंबलं. "उद्या दरबारात तूच सांग. एक अर्थ चुकला, तर वाड्याचं धुणं बंद."

येसूच्या घरची चूल त्या धुण्यावरच पेटायची. आणि तिला तर मराठी अक्षरही येत नव्हतं.

"मास्तरांनी अर्थ आत्ता सांगावेत, सरकारांसमोर," ती म्हणाली.

मास्तर घडाघडा बोलत गेले. महाराज मान डोलवत होते, ऐकत नव्हते. येसू मात्र कपड्यांवर खुणा करायचा बिब्बा घेऊन जुन्या पंच्यावर एकेका शब्दाला एकेक चित्र काढत गेली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. दिवाणजींनी विचारलं, "डायरी?"

येसूने पंच्यावर बोट ठेवलं. "दुधाचा गोठा."

"चूक!" मास्तर गरजले. "डायरी म्हणजे रोजनिशी. गोठा म्हणजे डेअरी."

"काल तुम्हीच गोठा म्हणालात. ही बघा म्हैस."

"ती आज सकाळी काढली असशील, बये!"

"बिब्ब्याची ताजी खूण तपकिरी असते, मास्तर. रात्र उलटली की काळी होते. चोळून बघा, धुऊन बघा."

महाराजांनी स्वतः चोळलं. म्हैस काळीकुट्ट होती आणि जागची हलेना.

"सरकार," येसू म्हणाली, "दोन घरांची धोतरं अदलाबदल करणाऱ्याला आम्ही घाटावर उभं करत नाही. तुम्ही मात्र त्याला गुरू केलात. साहेबाच्या पंगतीत वाळवंट मागायला तुम्हाला शिकवलं कोणी?"

महाराजांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आपल्या जोड्यांकडे पाहत होते.

आणि महाराज हसले. पोट धरधरून, फेटा सुटेस्तोवर हसले. "धुणं तुझंच," ते म्हणाले, "आणि मास्तरांच्या अंगावरची ही शालही तुझी. मास्तर, उद्यापासून घाटावर जा. आधी खुणा शिका."