फिबीच्या चुलीचा धूर

एक होता राजा, आणि राजापेक्षा मोठं होतं त्याचं कोठार. दोन वर्षं पाऊस रुसला, तसं राजानं घरोघरचं धान्य उचलून आणलं आणि कोठाराला कुलूप घातलं. म्हणाला, "प्रजेला लागलं की देऊ." आता प्रजेला लागलंय की नाही, हे बघायचं कुणी? तर कारभाऱ्यानं. हा कारभारी रोज संध्याकाळी टेकडीवर खुर्ची टाकून बसायचा. खाली गावात घराघरातून धूर दिसला की म्हणायचा, चुली पेटल्यात, म्हणजे लोक जेवताहेत. तसंच राजाला सांगायचा आणि स्वतः जेवायला जायचा. टेकडी उतरून कुणाच्या पातेल्याचं झाकण उचलावं, असं काही त्याच्या मनात आलं नाही. असतात अशी माणसं, बरं का. मोठे झालात की ओळखाल.

त्या गावात राहायची फिबी. नवरा देवाघरी गेलेला, पदरात दोन मुली. थोरली लिआ, धाकटी तबिथा. गाव ख्रिस्ती, आणि गावाची एक रीत होती. भाकरीचं पीठ मळायच्या आधी बाईनं एक मूठ बाजूला काढायची. ती देवाची मूठ. रविवारी सगळ्या मुठी चर्चमधल्या रांजणात जायच्या. मग ज्या घरातून धूर निघत नसेल, त्या घरी फिबी जायची. उंबऱ्यावर पीठ ठेवायची, फडक्यानं झाकायची आणि मागे न बघता परत यायची. कुणी दिलं हे विचारायचं नाही, कुणाला दिलं हे सांगायचं नाही. पण अलीकडे धूर नसलेलं घरच सापडेना. रांजण काठोकाठ भरला होता.

मग काय झालं, फिबीच्याच घरातलं पीठ सरत आलं. डब्यात हात घातला की नखं तळाला खरखर वाजायची. तो आवाज मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून ती मोठ्यानं गाणं म्हणायची. तिन्हीसांजेला तिघी गुडघे टेकायच्या, देवाकडे आजची भाकर मागायच्या. तोंड 'आमेन' म्हणायचं आणि मन म्हणायचं, उद्याचं काय?

एक दिवस डबा नुसता वाजला. खरखरही नाही.

रांजण भरलाय हे फिबीइतकं कुणाला ठाऊक होतं? पण तिला वाटलं, आपण देणारे. आपल्या उंबऱ्यावर फडकं पडलं तर गाव काय म्हणेल? म्हणेल, हिला देव विसरला. मग तिनं काय केलं, पातेल्यात नुसतं पाणी घातलं, वर झाकण ठेवलं आणि चूल पेटवली. धूर निघाला की झालं.

पण धुराला ते पटलं नाही, बरं का.

पहिल्या संध्याकाळी धूर कौलांपर्यंत गेला, थबकला आणि खाली उतरला. शेजारच्या सारूकाकूंनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. "फिबी, तुझा धूर अंगणात लोळतोय गं."

"गोवऱ्या ओल्या आहेत, काकू."

"पाऊस नाही दोन वर्षं, आणि हिच्या गोवऱ्या ओल्या," असं पुटपुटत काकू आत गेल्या. जास्त काही विचारलं मात्र नाही.

दुसऱ्या संध्याकाळी धूर वर गेलाच नाही. कुत्र्यासारखा उंबऱ्यावर बसून राहिला. फिबीनं सुपानं हाकलला, तरी हलेना. तबिथा रडायची थांबली होती. तेच फिबीला जास्त भिववत होतं.

मग उजाडला तिसरा दिवस. संध्याकाळी चूल पेटली, तसा धूर सरळ दाराकडे निघाला. आता हा गावात जाऊन सांगणार, म्हणून फिबीनं धावत जाऊन दार लावलं. वर कडी घातली. धूर घरभर फिरला. डोळे चुरचुरले. तबिथा खोकायला लागली, आणि तिला पुरतं खोकायचंही त्राण नव्हतं.

लिआ कोपऱ्यातून म्हणाली, "आई, आपण रोज भाकर मागतो ना?"

"मागतो, बाळा."

"मग दाराला कडी का? देणारा येणार कुठून?"

फिबी कडीवर हात ठेवून उभी राहिली. लाज एकीकडे, लेकरू एकीकडे. देवाच्या प्रेमावर तिचा विश्वास होता हो, पण दुसऱ्यांसाठी. स्वतःसाठी तो कधी लागलाच नव्हता. तिनं कडी काढली.

धूर बाहेर पडला आणि जमिनीवरून चालत निघाला. तबिथाला कडेवर घेऊन फिबी त्याच्या मागे, लिआ तिच्या मागे. धूर चर्चपाशी गेला, घंटेच्या दोराला लोंबकळला आणि घंटा वाजली. अख्खं गाव गोळा झालं. पाळकसाहेब बाहेर आले. "फिबीबाई, हा धूर कुणाचा?"

"माझा," फिबी म्हणाली. "माझ्या चुलीवर नुसतं पाणी आहे."

मग सारूकाकूंनी पदरानं तोंड पुसलं. "माझ्याही," त्या म्हणाल्या.

मग तिसरी बाई, मग चौथी. बघतात तर गल्लीगल्लीतून धूर सरपटत येत होता. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "आमच्याही," ते म्हणाले. "रांजण भरलेला बघून मला वाटायचं, गाव सुखात आहे. आणि देवानं तो आपल्यासाठीच भरून ठेवला होता."

त्या संध्याकाळी चर्चच्या अंगणात मोठी चूल मांडली. फिबीनं पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातची भाकर घेतली. तबिथानं अर्धी खाल्ली आणि उरलेली मुठीत धरून झोपली. उद्याचं काय, हे फिबीच्या मनात आलं. पण उद्याचं उद्या मागू, असंही आलं.

आणि सगळा धूर एकत्र झाला, टेकडी चढला, कारभाऱ्याची खुर्ची उलथवून थेट राजवाड्यात शिरला आणि राजाच्या डोळ्यांत जाऊन बसला. राजानं डोळे धुतले, वैद्य बोलावले, जाईना. शेवटी चिडून विचारलं, "तुला हवंय तरी काय?" धूर कोठाराच्या कुलपाशी जाऊन उभा राहिला. कुलूप निघालं तेव्हाच राजाला नीट दिसायला लागलं.

मग घरोघरचं धान्य घरोघरी गेलं. पुढे पाऊसही आला. पातेल्यांत खरोखर अन्न शिजायला लागलं, आणि धूर सरळ वर जायला लागला. गावानं तेवढी एक गोष्ट बदलली. दाराच्या कड्या काढून टाकल्या.

संपली गोष्ट. हात जोडा, आजच्या भाकरीबद्दल देवाचे आभार माना आणि आडवे व्हा. कडी? राहू दे काढलेली. मी आहे जागी.